खालच्या सुराचा सोस

वर्धा जिल्ह्यात एखाद्या ऑर्केस्ट्राचे पैसे कमी ठरले की ताफ्यातून पहिलं नाव कुणाचं कटतं, हे कुठल्याही वादकाला विचारून पाहा. गायक-गायिका राहतात, ढोलकवाला राहतो, ऑक्टोपॅडवाला तर हवाच असतो. कटतो तो बास गिटारवाला. कीबोर्डवाल्याचा डावा हात असतोच, त्या हाताने तो खालचे सूर धरतो. आणि गाणं ट्रॅकवर असेल तर त्याचीही गरज उरत नाही. रोहणा गावाच्या एका अंगाला पुलगाव, दुसऱ्या अंगाला आर्वी. या पट्ट्यात गणपती, शारदा-दुर्गा उत्सव, कोजागिरी आणि पुढे एप्रिलमधली भीमजयंती अशी कार्यक्रमांची रांग लागते. मंच असतो, भलेमोठे स्पीकर असतात, माणसांची दाटी असते. चार तारांची गिटार गळ्यात अडकवून मागे उभा असलेला माणूस मात्र वर्षागणिक कमी होत चालला आहे.

जे उरलेत, त्यांच्यातलाच मी एक. आम्हा सगळ्यांना एक समान ओढ आहे. पायाखाली ठेवायच्या त्या छोट्या लोखंडी डब्या, म्हणजे इफेक्ट पेडल. एक घेतलं की दुसरं खुणावतं. दुसरं हातात येईपर्यंत तिसऱ्याचे व्हिडिओ पाहून झालेले असतात. बास वाजवणाऱ्याला याची काय गरज, असा प्रश्न लोक विचारतात आणि तो सरळ मनाने विचारलेला असतो. त्याचं उत्तरही सरळच द्यायला हवं.

मंचावर गाण्याआधी साउंड लावताना जे संभाषण होतं, ते इकडच्या प्रत्येक बासवाल्याला पाठ आहे.

‘भाऊ, माहा बास ऐकू येऊन रायला का?’

‘येते ना भाऊ. पन वाढवला का घुमते.’

‘मंग गाण्यात काहून नाई ऐकू येत?’

‘दबते. ढोलकच्या खाली दबते.’

साउंडवाला खोटं बोलत नाही. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. पाच तारांच्या गिटारवर तिच्याही खाली एक तार असते, ती सुमारे 31 वेळा. इतक्या खालच्या सुराला आपला कान मंद असतो. त्याच्यासाठी ताकद जास्त लागते, स्पीकर मोठा लागतो, आणि आवाज वाढवला की मंडपाचे पत्रे सुरात सूर मिसळतात. मोबाइलच्या स्पीकरमधून तर हा सूर बाहेरच पडत नाही. तरीही मोबाइलवर गाणं ऐकताना आपल्याला बास ‘कळतो’. कारण कुठल्याही तारेतून एकच एक कंपन निघत नाही. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची वरची कंपनंही तिच्यात मिसळलेली असतात. छोटा स्पीकर तेवढीच ऐकवतो आणि खालचा गाळलेला सूर मेंदू स्वतः भरून काढतो.

इथेच पेडलचं काम सुरू होतं. डिस्टॉर्शन किंवा फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं. आवाजाच्या लाटेचे माथे छाटले की त्यातून वरची कंपनं भरपूर निर्माण होतात. सूर तोच राहतो, पण आता तो ढोलकच्या वरच्या जागेतूनही ऐकू येतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला बास आहे हे समजतं. म्हणजे मागे उभ्या असलेल्या वादकाची ही हौस निव्वळ चैनीची नाही. आपण वाजवलेलं कुणाच्या तरी कानापर्यंत पोचावं, एवढं साधं मागणं तिच्या मुळाशी आहे.

फझ पेडलचं हे सगळं प्रकरण सुरू झालं तेही बासवरच, हे मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात 1960 साली मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होते. मिक्सरचा एक भाग बिघडला आणि त्यांच्या वाद्यातून घोगरा, ओरखडे उठल्यासारखा आवाज येऊ लागला. तो तुकडा काढून टाकता आला असता. तो ठेवला गेला, 1961 मध्ये गाणं बाजारात आलं आणि गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांच्याकडे इतर कलावंत तोच आवाज मागू लागले. बिघडलेला मिक्सर पुरता बंद पडल्यावर त्यांनी रेव्हिस हॉब्स या सहकाऱ्याबरोबर ट्रान्झिस्टर जोडून तोच आवाज देणारी पेटी बनवली. 1962 मध्ये ती ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीला आली. पुढे 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती गिटारवर वाजली आणि सारं श्रेय गिटारवाल्यांकडे गेलं. इतिहासातही बासवाला मागेच राहिला.

त्याच वर्षी बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी फझ लावून बास वाजवला. पण त्या गाण्यात साधा बासही आहे. दोन्ही वेगवेगळे वाजवून एकत्र केलेले आहेत. नुसता फाटका आवाज घेतला तर खालचा पाया निसटतो, हे तेव्हाच कळलेलं होतं. गिटारसाठी बनवलेली बहुतेक पेडलं खालचे सूर कापतात, कारण गिटारला त्यांचं काम नसतं. बासवाला ते पेडल पायाखाली घेतो, दुकानात एकटा वाजवतो तेव्हा खूश होतो आणि ताफ्यात उभा राहिला की आपला बास गेला कुठे म्हणून शोधत बसतो. म्हणून बाससाठी मुद्दाम केलेल्या पेडलवर एक जास्तीचा नॉब असतो, ‘ब्लेंड’ नावाचा. मूळ कोरा आवाज किती आणि फाडलेला किती, ते त्यावर ठरतं. माझ्या मते बासच्या पेडलवर बाकी काही नसलं तरी हा एक नॉब असावा. हळूहळू फिरवत गेलं तर एक जागा अशी येते की फाटकेपणा वेगळा जाणवत नाही, बास फक्त जवळ आल्यासारखा वाटतो. ती जागा प्रत्येक गिटारवर वेगळी, प्रत्येक मंडपात वेगळी. ती शोधण्यात संध्याकाळ जाते आणि ती संध्याकाळ वाया गेली असं मला कधी वाटलेलं नाही.

ऑक्टेव्ह पेडलचं असंच. बॉस कंपनीचं ओसी-2 हे पेडल 1982 मध्ये आलं आणि पुढची दोन दशकं बनत राहिलं. आतली युक्ती सुरेख आहे. तारेचं एक कंपन आलं की आतला विजेचा खटका चालू, दुसरं आलं की बंद. दोन कंपनांमागे एक फेरी, म्हणजे वेग निम्मा, म्हणजे सूर एक सप्तक खाली. त्याच्याही निम्मा केला की दोन सप्तकं खाली. पण हा खटका एका वेळी एकच सूर मोजू शकतो. दोन तारा एकदम वाजल्या, किंवा आधीच्या सुरावरचं बोट उचलायला उशीर झाला, की तो गोंधळतो आणि आवाज बुडबुडे काढतो. अगदी खालच्या सुरांवरही त्याची हीच गत होते. त्यामुळे हे पेडल लावून वाजवणाऱ्याला हात स्वच्छ ठेवावाच लागतो. न लागणारी तार दाबून धरायची, सूर वेळेवर सोडायचा, हे शिकवायला गावात मास्तर नसेल तर हे पेडल मास्तराचं काम करतं. एन्व्हलप फिल्टर नावाचं पेडलही बोटांना असंच बोलतं करतं. तार जोरात छेडली की आवाजाचा जबडा मोठा उघडतो, हळू छेडली की थोडा. आपण प्रत्येक सूर सारख्या जोराने वाजवतो असा समज असेल तर पहिल्याच दिवशी तो उतरतो.

आता पैशांचं. चांगल्या कंपनीचं एक साधं पेडल आज 10 हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याच्या वर जातं. फिनलंडच्या डार्कग्लाससारख्या खास बासच्या पेडलांना त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. आमच्या भागात कुठलीही किंमत शेवटी कापसात मोजली जाते. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे एका डबीसाठी क्विंटलभराहून जास्त कापूस. वेचणीची मजुरी, फवारणी आणि बियाणं ज्या घरात रोज मोजलं जातं, त्या घरात ही डबी आणणं सोपं नसतं. घरातली बाई पार्सल उघडताना पाहते आणि विचारते, ‘आता हे कायले आनलं बाप्पा? कालचं बिघडलं का?’ कालचं बिघडलेलं नसतं. या प्रश्नासमोर कंपनांचं गणित मांडता येत नाही. ज्या घरात असे प्रश्न विचारले जातात त्या घराचा मला आदर आहे. तरीही हाच पैसा मोटारसायकलच्या सायलेन्सरवर गेला असता तर कुणी इतकं विचारलं नसतं, हेही खरं.

पेडल गावात पोचल्यावर आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे वीज. बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट लागतात आणि त्यांच्या पिनेत ऋण टोक मध्यभागी असतं. घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर दिसायला तसाच असतो, पण तो बहुधा 12 व्होल्टचा आणि त्याचं धन टोक मध्यभागी. पिन नीट बसते आणि पेडल क्षणात जळू शकतं. अडॅप्टरवर छापलेली गोल खूण वाचणं, मीटर लावून पाहणं, सगळ्या पेडलांना वेगवेगळी तार देणारा पुरवठा वापरणं या गोष्टी सुरांइतक्याच शिकायच्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल तर पेडलांच्या रांगेतून जी घरघर येते ती कुठल्याही इफेक्टने जात नाही. मंडळाच्या मुलांकडून अर्थिंगची सळई गाडून ओली करून घेणारा बासवाला मी जाणकार समजतो.

पेडलं नकोतच, असं म्हणणाऱ्यांची बाजूही भक्कम आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतले जेम्स जेमरसन यांचा बास साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत आहे. त्यांची नेहमीची गिटार, 1962 ची फेंडर प्रिसिजन. तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, आणि उजव्या हाताचं एकच बोट. गिटारची वायर बहुधा सरळ मिक्सरला. पायाखाली काही नाही. त्या एका बोटातून जे निघालं ते आजही शिकवलं जातं. पण जेमरसन यांच्या मागे एक उत्तम स्टुडिओ होता, रोज बरोबर वाजवणारे तेच वादक होते, आणि त्यांचा बास ऐकू यावा म्हणून झटणारे ध्वनिमुद्रक होते. उघड्या मैदानात, अनोळखी साउंडवाल्याच्या भरवशावर वाजवणाऱ्याला ते उदाहरण देऊन गप्प करणं मला न्याय्य वाटत नाही. ब्रिटनच्या रॉयल ब्लड या दोघांच्या बँडकडे पाहा. गिटारवाला नाहीच. माइक कर आपल्या बासचा आवाज पेडलांतून वाटून घेतात, एक वाट खाली बास म्हणून जाते, दुसरी सप्तकभर वर चढून गिटार म्हणून. 2014 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा गिटार कोण वाजवतंय, असं ऐकणारे विचारत होते. ताफ्यातून माणसं कटत चाललेल्या आमच्या ऑर्केस्ट्रांना या दोघांकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

आपल्याकडच्या कानांना नव्या यंत्रांचा आवाज लावला तो मुंबईच्या स्टुडिओंनी. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास गिटार वाजवत. सत्तरच्या दशकातली ती गाणी पुन्हा ऐका आणि या वेळी गायकाकडे लक्ष न देता फक्त खाली ऐका. बास तिथे ठेका धरून गप्प बसत नाही, स्वतःची चाल चालतो. स्वतः आर. डी. नव्या इफेक्टसाठी किती उत्सुक असत ते 1977 च्या ‘किताब’मधल्या ‘धन्नो की आँखों में’ या गाण्यात कळतं. फ्लँजर नावाच्या इफेक्टने त्या गाण्याला जी लाट दिली आहे ती काढून टाकली तर गाणं अर्धं राहील.

पण या सगळ्यात मला सर्वांत जवळचे वाटतात ते चरणजित सिंग. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे हे वादक. नवं वाद्य दिसलं की ते घ्यायचं, हा त्यांचाही स्वभाव. जपानच्या रोलँड कंपनीने, म्हणजे बॉसची पेडलं काढणाऱ्याच घराण्याने, 1981 च्या सुमारास टीबी-303 नावाची चंदेरी पेटी काढली. बासवाला नसेल तर त्याच्या जागी हिला वाजवा, अशी तिची जाहिरात होती. बासवाल्याचं काम काढून घेण्यासाठी केलेलं ते यंत्र. आवाज खऱ्या बाससारखा येईना, सूर भरण्याची पद्धत किचकट, म्हणून लोकांनी पाठ फिरवली आणि 1984 मध्ये उत्पादन बंद झालं. चरणजित सिंग यांनी ती पेटी सिंगापूरहून आणली होती. तिला टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर जोडून 1982 मध्ये त्यांनी डिस्को ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. भैरव, ललित, मेघ मल्हार. टीबी-303 वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. मींड कानात मुरलेल्या माणसाला ती सोय कशासाठी आहे हे सांगावं लागलं नसेल.

तबकडी चालली नाही. पाच वर्षांनी शिकागोत फ्यूचर नावाच्या गटाने तीच पेटी पिळून जे संगीत काढलं त्याला ॲसिड हाउस म्हणतात, आणि त्यावर पुढे जगभरची तरुण पिढी नाचली. 2002 मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला चरणजित सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली, 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, आणि लोक थक्क झाले. सत्तरीतल्या चरणजित सिंग यांना युरोपात वाजवायला बोलावणी आली. 2015 मध्ये ते गेले. हा माणूस सिंगापूरहून पेटी घेऊन विमानात बसला असेल तेव्हा घरी काय सांगायचं, याचा विचार त्यानेही केला असेल का, असं मला सारखं वाटत राहतं.

त्यांनी घेतलेली पेटी त्यांनी वाजवली, हे माझ्यासाठी या गोष्टीचं मर्म आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं तसं होत नाही. पेडल येतं, दोन रात्री जागवते ती नवलाई, मग दोष दिसू लागतात आणि ते जुन्या बाजारात विकून, वर पैसे घालून पुढचं घेतलं जातं. अमेरिकेतल्या स्टीली डॅन बँडच्या वॉल्टर बेकर यांनी नव्वदच्या दशकात या ओढीला एका आजाराचं नाव दिलं आणि ते जगभरच्या वादकांत रुळलं. 2021 मध्ये यान-पेटर हर्बस्ट आणि योनास मेंझे या अभ्यासकांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. मी याला आजार म्हणणार नाही. ओढ खरी आहे, तिच्यातून संगीत निघतं. घात करते ती घाई. ऑक्टेव्ह पेडलवर हात स्वच्छ व्हायला जो काळ लागतो त्याच्या आत ते विकलं गेलं तर पैसाही गेला आणि हातही तसाच राहिला.

आणि आता प्रत्येक वेळी परदेशाकडे डोळे लावायची गरज नाही. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारखी 1865 पासूनची दुकानं मुंबईत आहेतच, पण पेडलं बनवणारेही आहेत. आदित्य नंदवाना यांची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही मुंबईची कंपनी. तिची बॅरन समेदी, पिट वायपर ही पेडलं परदेशातले वादक मागवून घेतात. फझचं सर्किट मुळात मूठभर सुट्या भागांचं असतं. दोन-तीन ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर, काही कॅपॅसिटर. टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करणारा हात आर्वीतही आहे, पुलगावातही. एक कॅपॅसिटर मोठा टाकला की गिटारच्या फझमधून बासचा पाया सुटत नाही. हे काम आपल्याकडे व्हायला हवं आणि होऊ शकतं, असं मी पूर्ण खात्रीने म्हणतो.

तोवर एक सोय लगेच करता येईल. वर्धा, पुलगाव, आर्वी, रोहणा या टापूत बास वाजवणारे एकमेकांना ओळखतात. कुणाकडे काय आहे हेही ठाऊक असतं. वाचनालयातल्या पुस्तकांसारखी ही पेडलं फिरती ठेवली तर प्रत्येकाने ती विकत घ्यायला नको. एक पेडल एका घरी महिनाभर. त्या महिन्यात त्यावर एक गाणं पुरतं बसवायचं आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पुढच्या माणसाला पेडलबरोबर द्यायचं, नॉब कुठे ठेवले होते ते चिकटपट्टीवर लिहून. ऑक्टेव्ह, ब्लेंड असलेलं एक डिस्टॉर्शन आणि एन्व्हलप फिल्टर, इतक्यावर सुरुवात होते. ही तिन्ही द्यायला मी तयार आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुलगाव स्टेशनवर यावं, अडॅप्टर मात्र आपापला आणावा.